बसून वाढणाऱ्या मुलांचं ताट

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मुलांच्या आहाराचं काम करायचं म्हणजे वजन वाढवण्याचं काम करायचं, असं या क्षेत्रातले आम्ही सगळेच धरून चालतो. त्याला कारणही तसंच आहे. माथेरानच्या पायथ्याच्या आणि भीमाशंकरकडे चढत जाणाऱ्या उतारांवरच्या ठाकर-कातकरी वाड्यांत घरातला भात संपत आला की मुलांची अंगं उतरतात. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर गेली की ती परत येईपर्यंत मुलांचं वजन पाहणारं कोणी उरत नाही. अंगणवाडीतली महिन्याची वजनं, दंडाचा घेर मोजायची पट्टी आणि तिच्यावरची साडेअकरा सेंटिमीटरची लाल खूण, ग्राम बालविकास केंद्र, पोषण पुनर्वसन केंद्र ही सगळी यंत्रणा एकाच प्रश्नाभोवती उभी आहे: वजन वाढलं का? बहुतेक मुलांसाठी तो प्रश्न योग्यच आहे. पण याच वाड्यांत, खोपोलीच्या चाळींत आणि नेरळच्या नव्या इमारतींत काही मुलं पाठीच्या कण्यातला दोष घेऊन जन्मलेली आहेत. डॉक्टर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात, घरची माणसं ‘पाठीवर गाठ घेऊन आलं’ म्हणतात. या मुलांना तो एकच प्रश्न पुरत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांचं वजन वाढवावं लागतं आणि सहा-सात वर्षांनंतर आवरावं लागतं. दोन्ही काळांत ताटात हवं असतं ते मात्र सारखंच, थोडक्या अन्नात भरपूर सत्त्व. एका काळातून दुसऱ्या काळात जाण्याचं हे वळण आपल्या व्यवस्थेत कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही. माझं म्हणणं त्या वळणाबद्दल आहे.

दोष काय आहे हे आधी नीट समजून घ्यावं लागतं, कारण आहाराचा सगळा हिशेब त्यातूनच निघतो. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गर्भाच्या पाठीवरची एक पन्हळ मिटून मज्जारज्जूची नळी तयार होते. ती खालच्या बाजूला कुठे उघडी राहिली तर तिथल्या नसा नीट घडत नाहीत, आणि त्या जागेच्या खालच्या अवयवांपर्यंत मेंदूचे निरोप पोहोचत नाहीत. गाठ जितकी वर, तितका पायांतला जीव कमी. कोणी थोडं लंगडत चालतं, कोणी कॅलिपर लावून उभं राहतं, कोणी आयुष्यभर बसूनच फिरतं. पाय चालणाऱ्या मुलांचंही लघवी-संडासवर नियंत्रण बहुधा नसतं, कारण मूत्राशय आणि मोठं आतडं यांच्या नसा कण्याच्या अगदी खालच्या टोकातून निघतात. कमरेखाली स्पर्श कळत नाही, म्हणून चटका बसला किंवा कातडी घासली तरी मूल रडत नाही. पुष्कळांच्या डोक्यात पाणी साठतं, मग मेंदूपासून पोटापर्यंत शंटची नळी टाकावी लागते. म्हणजे पाय, लघवी, संडास, कातडी आणि मेंदू अशा पाच बाजूंनी हा दोष शरीराला धरतो, आणि या पाचही बाजूंशी आहाराचा थेट संबंध येतो. तरी उपचारांच्या धांदलीत आहार शेवटी उरतो. मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारखी जाणती ठिकाणं आहेत, स्पायना बिफिडा फाउंडेशनसारखी केवळ याच मुलांसाठी काम करणारी संस्था आहे. पण कर्जतहून जवळपास दोन तास लोकलने जाऊन आलेल्या आईच्या मनात शस्त्रक्रिया, शंट आणि मूत्रपिंडं एवढंच मावतं. रोज तीन वेळा काय वाढायचं, हे तिला गावातल्याच कोणीतरी सांगायला हवं.

पहिला काळ अशक्तपणाचा. या मुलांपैकी बहुतेकांत मेंदूचा मागचा खालचा भाग मानेच्या पोकळीत थोडा उतरलेला असतो, आणि काहींमध्ये त्याचा परिणाम गिळण्यावर होतो. बाळ ओढायला कमी पडतं, दूध पिताना ठसका लागतो, दूध नाकातून येतं, थोडं पिऊन थकून झोपतं. त्यात पाठीची शस्त्रक्रिया, मग शंट, मधूनच जंतुसंसर्ग, दवाखान्यातले उपाशी तास. अशा बाळाचं वजन मागे पडणं साहजिक आहे. इथे आपली नेहमीची यंत्रणा उपयोगी पडते, पण ती एका जागी फसू शकते. डोक्यात पाणी साठून डोकं मोठं झालं असेल तर त्याचं वजन काट्यावर बाळाच्या अंगात मोजलं जातं. तक्त्यावर बाळ हिरव्या पट्ट्यात दिसतं आणि प्रत्यक्षात त्याच्या छातीच्या फासळ्या मोजता येतात. म्हणून या वयात वजनाशेजारी डोक्याचा घेर लिहिलेला असलाच पाहिजे, आणि बाळ एका वेळी किती पितं, किती वेळ लावतं, ठसका लागतो का, हे विचारलं गेलं पाहिजे. सहा महिन्यांनंतर ठसका लागणाऱ्या बाळाला पातळ पेजेपेक्षा दाट खिमट सोपं जातं. त्यात मुगाची डाळ, तूप, अंड्याचा बलक, कुस्करलेली मासळी घातली तर घासाघासाला सत्त्व वाढतं. या टप्प्यावर तेल-तुपाला हात आखडता घेण्याचं काहीच कारण नाही.

मग वळण येतं. ते नाट्यमय नसतं, म्हणून कळत नाही. बाकीची मुलं पाच-सहा वर्षांची झाली की दिवसभर रानात, नदीवर, शाळेच्या मैदानात धावतात. हे मूल बसलेलं राहतं. बसलेल्या शरीराला इंधन कमी लागतं हे उघडच आहे, पण ते किती कमी, याचा अंदाज जाणत्यांनाही चटकन येत नाही. कमरेखालचे स्नायू वाढलेलेच नसल्यामुळे स्वस्थ बसलेल्या अवस्थेतही या शरीराचा खर्च कमी असतो, हे १९९१मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत दिसून आलं. आहारतज्ज्ञ वापरतात तो ठोकताळा असा: आठ वर्षांवरच्या, फारशी हालचाल नसलेल्या मुलाचं वजन आहे तिथे राखायला उंचीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे रोज ९ ते ११ किलोकॅलरी पुरतात, आणि वजन उतरवायचं असेल तर सुमारे ७. एकशेवीस सेंटिमीटर उंचीच्या मुलीला म्हणजे १०८० ते १३२० किलोकॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये दहा ते बारा वर्षांच्या मुलींसाठी सांगितलेली गरज आहे २०६०. म्हणजे वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला जेवढं लागतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचं प्रमाण सहावीपासून ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे. ते धावणाऱ्या मुलीच्या गरजेचा तिसरा हिस्सा आहे आणि बसणाऱ्या मुलीच्या गरजेचा अर्ध्याहून मोठा. कोणी जास्त खात नाही, कोणाची चूक नाही, आणि तरीही दरमहा थोडं थोडं वजन चढत जातं. चालू शकणाऱ्या मुलांचा हिशेब अर्थातच वेगळा. त्यांची गरज इतर मुलांच्या जवळ जाते, म्हणून हा ठोकताळा सगळ्यांना सरसकट लावू नये.

या चढत्या वजनाला आपल्याकडे बाळसं समजलं जातं, आणि इथेच दुसरी अडचण दडलेली आहे. वजन चढलं म्हणजे पोषण झालं असं नाही. आपल्या भागातलं रोजचं जेवण भाताभोवती फिरतं. पाव किलो तांदूळ शिजवून दिवसभरात खाल्ला तर साधारण ८९० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे त्या एकशेवीस सेंटिमीटरच्या मुलीची बहुतेक गरज एकट्या भातानेच भरते. प्रथिनं मात्र १८ ते २० ग्रॅमच येतात आणि हवी असतात बत्तिशीच्या आसपास. लोह आणि कॅल्शियम तर नावापुरतंच. उरलेल्या जेमतेम दोनशे ते चारशे किलोकॅलरींत डाळ, भाजी, मासळी, अंडं, दूध, तेल सगळं बसवायचं असतं. तिथे गोड चहा दोनदा, चहात बुडवलेलं बटर आणि दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट आलं की हिशेब संपला. त्या पाकिटात शंभरेक किलोकॅलरी असतात आणि बाकी काहीच नसतं. स्टेशनवरचा एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत असलं खाणं मधल्या फटीत खपून जातं. बसणाऱ्या मुलाच्या हिशेबात फटच नसते, पोकळ खाण्याचा प्रत्येक घास सत्त्वाच्या घासाची जागा घेतो. त्यामुळे अंगाने भरलेलं, गाल वर आलेलं आणि तरी रक्त कमी, हाडं ठिसूळ, जखम भरायला वेळ लावणारं मूल आपल्याला दिसतं. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच अंगात नांदू शकतात, हे या मुलांइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

मग मोजायचं कसं? नेहमीची मोजमापं इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. पाय आखूड राहिलेले, कणा वाकलेला, गुडघे आखडलेले, त्यामुळे उंची खरी येत नाही. उंची कमी भरली की वजन-उंचीचं गुणोत्तर मूल आहे त्यापेक्षा जाड दाखवतं. उलट, स्नायू कमी आणि चरबी जास्त अशा अंगात तेच गुणोत्तर चरबी झाकून टाकतं. हातांवर जोर देऊन सरकणाऱ्या मुलाचा दंड भक्कम असतो, म्हणून दंडाची पट्टीही सगळं खरं सांगत नाही. यावर उपाय साधा आहे, आणि तो उपकेंद्रातही जमण्यासारखा आहे. भिंतीला पाठ टेकवून दोन्ही हात आडवे पसरायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावायची. हा हातांचा पसारा उंचीच्या जागी धरता येतो. गाठ कण्यात वर असेल तर त्यातून थोडी वजावट करतात, ती तज्ज्ञाला विचारून एकदा ठरवून घ्यावी. शेजारी कमरेचा घेर लिहावा. उभं राहता न येणाऱ्या मुलाचं वजन आईने कडेवर घेऊन करावं आणि मग आईचं एकटीचं वजा करावं. कॅलिपर आणि बूट आधी काढावेत, नाहीतर लोखंडाचंच वजन नोंदलं जातं. एका दिवसाचा आकडा फारसं सांगत नाही. तीन-तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने घेतलेले आकडे एका ओळीत मांडले की हातांचा पसारा थांबलेला आणि कमर वाढत चाललेली दिसते. त्यावेळी हात घातला तर दोन घास इकडचे तिकडे करून काम भागतं, दहा किलो चढल्यावर ते भागत नाही.

वजनाबद्दल एवढा आग्रह का, असं कोणीही विचारेल. दिसण्याशी याचा काहीही संबंध नाही. आपल्या भागाची जमीनच त्याचं उत्तर देते. वाडीपर्यंत गाडी जात नाही, पाखाडी आणि बांध यांवर चाकाची खुर्ची चालत नाही, म्हणून मूल पाठीवरून किंवा कडेवरून जातं. पंधरा किलोंचं मूल आई शाळेत नेते, पस्तीस किलोंचं नेऊ शकत नाही. त्या दिवशी त्या मुलाची शाळा सुटते, दवाखान्याच्या फेऱ्या लांबतात, आणि घराचा उंबरठा ही त्याची हद्द होते. दुसरी गोष्ट कातडीची. बधिर बैठकीवर जितका भार जास्त तितकी दाबाने जखम होण्याची भीती जास्त, आणि ती जखम भरायला लागणारी प्रथिनं अंगात नसतात. तिसरी गोष्ट स्वावलंबनाची. दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करण्याची पद्धत १९७२मध्ये अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी पुढे आणली आणि या मुलांची मूत्रपिंडं वाचू लागली. वयात येणाऱ्या मुलीने ती नळी स्वतःची स्वतः घालायची तर तिला पुढे वाकता यायला हवं, पोट आड यायला नको. हातांच्या जोरावर जमिनीवरून खाटेवर, खाटेवरून खुर्चीत जायचं तर हातांना पेलेल एवढंच अंग हवं. आई-वडील थकल्यावर हे मूल कोणाच्या आधारावर जगेल, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच्या वजनात आहे असं मी मानते.

आहाराचा सगळ्यांत लवकर दिसणारा परिणाम मात्र वजनावर होत नाही, संडासवर होतो. आतड्याच्या नसा मंद असल्याने मळ साठतो, त्याचा खडा होतो, आणि खड्याच्या कडेने पातळ गळत राहतं. घरच्यांना ते जुलाब वाटतात, मग ते भाजी आणि पाणी बंद करतात, आणि खडा आणखी घट्ट होतो. साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो, लघवी तुंबते, संसर्ग होतो. पोटात सुटलेल्या शंटच्या कामातही त्याचा अडथळा येऊ शकतो. मूत्राशय शांत ठेवण्यासाठी दिलेली गोळी आणि रक्तवाढीची लोहाची गोळी, दोन्हींनी बद्धकोष्ठ वाढतं. त्यात मुलं स्वतःहून पाणी कमी पितात, कारण शाळेत लंगोट ओला होण्याची लाज त्यांना तहानेपेक्षा मोठी वाटते. एप्रिल-मेमध्ये वाडीतली विहीर आटून टँकरची वाट पाहायची वेळ येते तेव्हा तर घरात सगळ्यांचंच पाणी कमी होतं. यावर ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला पुरत नाही. पाणी नळीच्या वेळांना बांधून द्यावं: नळी झाली की एक भांडं, पुन्हा नळी झाली की दुसरं. चोथा वयानुसार हळूहळू वाढवावा, वर्षांत पाच मिळवून येईल तितके ग्रॅम हा सोपा अंदाज आहे, पण पाण्याशिवाय वाढवलेला चोथा उलट खडाच करतो. जेवणानंतर आतडं आपसूक हलतं, म्हणून रोज ठरावीक जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी मुलाला बसवण्याची सवय लावावी. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. लहानपणापासून दवाखान्यातल्या रबरी हातमोज्यांशी आणि नळ्यांशी संबंध आल्याने यांतल्या काही मुलांना रबराच्या चिकाची ॲलर्जी होते, आणि तशा मुलांना कधीकधी केळ्याचाही त्रास होतो. केळं सगळ्यांचं बंद करू नये. पण ते खाल्ल्यावर ओठ किंवा तोंड खाजलं, सुजलं, तर ते थांबवून डॉक्टरांना सांगावं.

ताट बदलायचं म्हणजे बाहेरून काही आणायचं, असा समज इथे लागू पडत नाही. कर्जतच्या भातसंशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जाती राज्यभर गेल्या, त्याच तालुक्यात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो. सुक्या वालात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं आणि भरपूर चोथा असतो. सुक्या जवळ्यात निम्म्याहून जास्त प्रथिन असतं आणि कॅल्शियमही मिळतं. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली रानातून फुकट येतात. नाचणी डोंगरउतारावर पिकते. अंड्यात सत्तर किलोकॅलरींमागे सहा ग्रॅम प्रथिन मिळतं. बदल करायचा तो वाढण्याच्या क्रमात आणि मापात. आधी वालाची उसळ किंवा डाळ घट्ट, मग पालेभाजी, मग मासळी किंवा अंडं, आणि शेवटी एका ठरलेल्या वाटीने भात, अशा क्रमाने वाढलं तर मूल पोटभर जेवतं आणि हिशेब जुळतो. एका वेळच्या भाताऐवजी नाचणीची भाकरी दिली तर चोथा आणि कॅल्शियम दोन्ही वाढतात. रानभाजी भरपूर तेलात परतण्याऐवजी डाळीत घालावी, कारण एका मोठ्या चमच्याभर तेलात सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. खारवलेली मासळी क्वचित, सुका जवळा किंवा बोंबील धुऊन. मूत्रपिंडं बिघडली असल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर प्रथिनं आणि मीठ त्यांच्या सल्ल्यानेच. चहा कमी साखरेचा आणि एकदाच. घरात चूल एकच असते, म्हणून वेगळा स्वयंपाक सुचवणारा सल्ला पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. हे ताट सगळ्या घरालाच चांगलं आहे, फरक फक्त भाताच्या वाटीचा.

यावर पहिला आक्षेप मनाला भिडणारा आहे. जिथे शेजारच्या घरातलं मूल उपाशी झोपतं तिथे एका मुलाचा भात कमी करायला सांगणं क्रूरपणाचं नाही का? आणि ज्याच्या वाट्याला खेळणं नाही, धावणं नाही, त्याच्याकडून खाण्याचं सुखही काढून घ्यायचं? या आक्षेपात माया आहे, म्हणून त्याला आकड्यांनी झिडकारून चालणार नाही. पण त्या मायेचीच साखळी पाहा. बाजाराहून आलेला बाप खाऊ आणतो, भट्टीवरून आलेला काका बिस्किटं आणतो, आजी आपल्या ताटातला घास भरवते. प्रत्येकाचं प्रेम खरं आहे, आणि सगळ्यांच्या प्रेमाची बेरीज त्या मुलाच्या बैठकीवर भार होऊन बसते. त्याला सुख द्यायचं असेल तर ते खाण्यातच कोंडून का ठेवायचं? वाल सोलायला, चिंच फोडायला, तांदूळ निवडायला त्याला अंगणात सगळ्यांत घ्यावं, बसून चेंडू फेकायला, हातांवर सरकायला जागा करावी. हातांची ही हालचाल शरीर राखते, आणि घरात आपण कामाचे आहोत ही जाणीवही देते. उपासमारीच्या आक्षेपाचं उत्तर याहून सरळ आहे. मी कमी जेवायला सांगत नाही, पोकळ खाण्याची जागा सत्त्वाने घ्यायला सांगते. ज्या घरात सत्त्वाचं काही नाहीच, तिथे आधी डाळ, अंडी, मासळी पोहोचवणं हे व्यवस्थेचं काम आहे. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने याच तालुक्यात धान्यबँकेची कल्पना रुजवून दाखवली, तुटवड्याच्या महिन्यांत घराला सावकाराकडे जाऊ न देता भात मिळू शकतो हे सिद्ध केलं. त्याच वाटेने वाल आणि डाळ का जाऊ नये?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अशी मुलं थोडी, कामाचा बोजा मोठा, आशाताईंनी आणि सेविकाताईंनी कुठे कुठे पुरं पडायचं? मुलं थोडी वाटतात याचं एक कारण नोंदीत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजलेले आहेत, त्यात स्पायना बिफिडाचं वेगळं नाव नाही, त्यामुळे ही मुलं अस्थिव्यंगाच्या मोठ्या गटात मिसळतात. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये मज्जारज्जूच्या नळीचा दोष अगदी पहिला लिहिलेला आहे. हा कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरहून देशभर सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, अठरा वर्षांपर्यंत मूल त्यांच्या कक्षेत असतं. म्हणजे नवी यंत्रणा उभारायची नाही. सहाव्या वर्षी मूल अंगणवाडीतून बाहेर पडतं आणि महिन्याचं वजन थांबतं, नेमकं तेव्हाच त्याची गरज पालटते, ही फट तेवढी बुजवायची आहे. मुलं थोडी आहेत हे खरं असेल तर ते काम हाती घेण्याच्या बाजूचंच कारण आहे, कारण थोड्या मुलांचा तीन महिन्यांनी एकदा घ्यायचा आकडा कोणावरही बोजा होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. हा दोष टाळता येतो, मग सारी शक्ती तिकडेच का लावू नये? टाळता येतो, हे अगदी खरं आहे. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तो होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटतं, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने १९९१मध्ये दाखवून दिलं. इतर सगळ्या स्त्रियांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. अडचण वेळेची आहे. नळी मिटायचे अठ्ठावीस दिवस पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत सरून गेलेले असतात, आणि लोह-फॉलिकची नियमित गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. पोषणयुक्त तांदळासाठी किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असं मानक आहे, म्हणजे असा तांदूळ दिवसाला चारशे ग्रॅम खाणाऱ्या बाईला त्यातून तीस ते पन्नास मायक्रोग्रॅम मिळतं. ते चांगलंच आहे, पण एकट्याने पुरणारं नाही. मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य सभेनेही अन्नात पोषकद्रव्यं घालून हा दोष रोखण्याचा ठराव केला आहे. पण प्रतिबंध आणि सांभाळ ही दोन वेगळी दारं नाहीत. सगळ्यांत जास्त धोका त्याच आईला असतो जिच्या कडेवर असं मूल आधीच आहे. मुलाचं वजन घ्यायला तीन महिन्यांनी जो तिच्या घरी जाईल तोच तिला विचारू शकतो: पुढचं मूल हवं आहे का, आणि हवं असेल तर डॉक्टरांनी मोठ्या मात्रेची गोळी आधीच सुरू केली आहे का? ज्या घरात आधीच्या मुलाची विचारपूस झाली नाही तिथे पुढच्या मुलासाठीची गोळी कोणाच्या शब्दावर घेतली जाईल?

म्हणून मागणं मोठं नाही. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं यांनी आपापल्या हद्दीतल्या अशा मुलांची एक यादी करावी. प्रत्येक मुलासाठी एक कागद असावा, त्यावर वजन, हातांचा पसारा, कमरेचा घेर, पाच वर्षांखाली डोक्याचा घेर, आणि संडास, पाणी, कातडी यांबद्दलचे तीन प्रश्न. सहावं वर्ष लागताना अंगणवाडीने तो कागद शाळेच्या हाती द्यावा. कुटुंब वीटभट्टीवर निघालं तर तो त्यांच्यासोबत जावा. मध्यान्ह भोजन वाढणाऱ्या ताईंना सांगावं की या मुलाला उसळ पूर्ण, भाजी पूर्ण आणि भात अर्धा, आणि ते इतर मुलांसमोर न बोलता. आईशी बोलताना ‘जाड झालाय’ हा शब्द टाळावा आणि तिला पुढची दहा वर्षं दाखवावीत: आज हे अंग तुमच्या कडेवर आहे, उद्या ते त्याच्याच हातांना उचलायचं आहे. कुपोषणाशी झगडताना या दोन तालुक्यांनी वजनाकडे लक्ष द्यायला शिकवलं, ती शिकवण मोलाची आहे. ती पुढे न्यायची तर प्रत्येक मुलाला त्याच्या शरीराच्या मापाने जोखावं लागेल, आणि वाढलेल्या वजनाची नोंद करताना त्या वजनाने मूल कुठवर जाऊ शकतं हेही विचारावं लागेल.